नंबर १,२८४ : फर्लो, रिकॉल आणि चौदा महिन्यांची तक्रार

माझे वडील, अण्णा, एसटीत होते. मिरज आगारात आधी वाहक, मग वाहतूक नियंत्रक. घरी त्यांची एक दोनशे पानी वही होती. दर वर्षी ज्येष्ठता यादी लागली की आपला क्रमांक ते तिच्यात तारीख घालून लिहायचे. वरचं एक नाव, खालचं एक नाव, मधे स्वतःचं. लहानपणी मला त्यात काही विशेष वाटायचं नाही. अमेरिकेत वैमानिक झाल्यावर मीही नेमकं तेच करायला लागले.

इथे शिकायला आलेली मराठी मुलं-मुली मला अधूनमधून फोन करतात. लायसन्स, तास, मुलाखत, सगळं विचारतात. ज्येष्ठतेबद्दल कोणी विचारत नाही, आणि या पेशात पुढची तीस वर्षं तीच ठरवते. २०२० च्या सप्टेंबरपासून २०२१ च्या डिसेंबरपर्यंत मी ज्यातून गेले ते म्हणून लिहून ठेवते आहे. माझ्या कंपन्यांची नावं घेणार नाही.

आधी थोडं यादीबद्दल. अमेरिकेत दोन प्रकारच्या प्रवासी कंपन्या आहेत. मोठ्या विमानांच्या, ज्यांना सगळे मेनलाइन म्हणतात, आणि त्यांच्याच रंगात, त्यांच्याच तिकिटांवर ५० ते ७६ आसनांची विमानं उडवणाऱ्या प्रादेशिक कंपन्या, म्हणजे रीजनल. प्रवाशाला फरक कळत नाही. वैमानिकांच्या याद्या मात्र पूर्ण वेगळ्या असतात. यादीतला क्रमांक रुजू झाल्याच्या तारखेवरून ठरतो. कोणतं विमान, कोणतं शहर, दिवाळीला सुट्टी मिळणार की नाही, कॅप्टन कधी होणार, सगळं त्यावर अवलंबून. कपात आली की शेवटून सुरू होते. आणि हा क्रमांक बरोबर नेता येत नाही. एका कंपनीत वीस वर्षं कॅप्टन असलेला माणूस दुसरीकडे गेला की शेवटच्या ओळीत उभा राहतो.

मी ऑक्टोबर २०१७ मध्ये एका रीजनलमध्ये लागले. त्याआधीची साडेतीन वर्षं लहान विमानांवर विद्यार्थ्यांना शिकवून तास जमवण्यात गेली. फेब्रुवारी २००९ च्या बफेलोजवळच्या अपघातानंतर कायदा झाला आणि २०१३ पासून सहवैमानिकालाही साधारणपणे १,५०० तास लागतात. आमच्या वर्गात बावीस जण. सगळे एकाच तारखेला रुजू, म्हणून आपापसातला क्रम वयावरून लागला. काही कंपन्यांत तो सोशल सिक्युरिटी क्रमांकाच्या शेवटच्या चार आकड्यांवरून लागतो. मी चौतीसची होते, त्यामुळे वर्गात सहावी. २०२० च्या यादीत आमचा वर्ग १,२७९ ते १,३०० या क्रमांकांत होता. माझा १,२८४. डिसेंबर २०१९ मध्ये मी पन्नास आसनी जेटवर कॅप्टन झाले. घरी अण्णांनी पेढे वाटले.

तीन महिन्यांनी कोविडमुळे सगळं थांबलं. १४ एप्रिल २०२० ला देशभरातल्या विमानतळांवर सुरक्षा तपासणीतून ८७,५३४ माणसं गेली. आदल्या वर्षी त्याच तारखेला सुमारे २२ लाख गेली होती. त्या आठवड्यात मी शिकागोहून एक फेरी केली, मागे चार प्रवासी होते. ट्रान्स स्टेट्स आणि कंपास या दोन रीजनल एप्रिलच्या सुरुवातीलाच बंद पडल्या. तिथल्या लोकांची ज्येष्ठता त्या दिवशी संपली. यादीच उरली नाही तर क्रमांक कशात असणार?

आमचं ३० सप्टेंबरपर्यंत निभावलं. २७ मार्चला झालेल्या केअर्स कायद्यानं विमान कंपन्यांना पगारासाठी पैसे दिले होते. अट अशी की तोवर कोणाला सक्तीनं घरी पाठवायचं नाही आणि पगाराचा दर कमी करायचा नाही. त्यामुळे सगळ्यांच्या डोक्यात १ ऑक्टोबर हीच तारीख. २९ जुलैला पहिलं पत्र आलं. मोठ्या कपातीच्या ६० दिवस आधी सूचना द्यावी लागते, त्या कायद्यातलं. असं पत्र आलं म्हणजे नोकरी गेलीच असं नसतं; कंपन्या लागतील त्याहून जास्त लोकांना पाठवतात. पण पत्रावर फर्लो हा शब्द असतो. मिरजेत मावशीला तो ऐकून धक्काच बसला. आपल्याकडे फर्लो म्हणजे कैद्याला मिळणारी रजा. इथे त्याचा अर्थ बिनपगारी घरी बसायचं, पण यादीतलं नाव शाबूत राहतं आणि काम वाढलं की बोलावणं येतं. बोलावणं म्हणजे रिकॉल.

ऑगस्टमध्ये दुसरं पत्र. १ ऑक्टोबरपासून मी पुन्हा सहवैमानिक, बेस, म्हणजे जिथून फेऱ्या सुरू होतात ते शहर, शिकागोऐवजी न्यूयॉर्क. तासाला ७८ डॉलरवरून ४६ वर. महिन्याची हमी ७५ तासांची, म्हणजे ५,८५० चे ३,४५० झाले. हे वाईट होतं, पण त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. विमानं कमी झाली, माझ्या वरचे लोक माझ्या जागेवर आले. यादीचा अर्थच तो. मी क्वीन्समधल्या क्यू गार्डन्स भागात क्रॅशपॅड, म्हणजे फेऱ्यांच्या मधे झोपायपुरती वाटून घेतलेली भाड्याची खोली, शोधायला लागले. तिथे इतके वैमानिक आणि हवाई सुंदऱ्या राहतात की लोक त्याला क्रू गार्डन्स म्हणतात. एका खोलीत सहा बंक, महिन्याला ३०० डॉलर. एक महिन्याचं आगाऊ भाडंही भरलं.

१० सप्टेंबरला कपातीची रेषा जाहीर झाली. १,८०० च्या यादीत १,३०० पर्यंत सगळे राहणार, खालचे पाचशे घरी. आमचा पूर्ण वर्ग रेषेच्या वर, शेवटचा मुलगा बरोब्बर रेषेवर. त्या रात्री आम्ही बावीस जण फोनवर एकत्र आलो, काही जण रडले.

२२ सप्टेंबरला सुधारित यादी आली. आता रेषा १,२६९ वर होती.

मला वाटलं छपाईची चूक आहे. मग कळलं की यादीत मधे एकतीस नावं नवीन आहेत. मेनलाइननं कपात केलेले वैमानिक. आमची कंपनी आणि मेनलाइन यांच्यात जुना करार होता, त्याखाली ते खाली आले होते, आणि तेही थेट कॅप्टनच्या खुर्चीत. एकतीस वरून आत, म्हणून एकतीस खालून बाहेर. १,२७० पासून १,३०० पर्यंत. आमचा वर्ग संपूर्ण.

इथे थोडं थांबून या भांडणाची मुळं सांगते, कारण ते आमच्यापासून सुरू झालं नाही. १९९७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्स, तिची रीजनल अमेरिकन ईगल आणि दोन्हीकडच्या वैमानिक संघटना यांच्यात एक करार झाला. लेटर थ्री म्हणून तो ओळखला जातो. ईगलच्या जेट कॅप्टनला क्रमानं वर जाता यावं आणि वर कपात झाली तर तिथल्या माणसाला खाली ईगलच्या जेटवर येता यावं, अशी ती देवाणघेवाण. तेजीत ही कल्पना सगळ्यांना आवडली. ११ सप्टेंबर २००१ नंतर वरून खाली येणाऱ्यांची रांग लागली आणि खालच्या कॅप्टनांच्या खुर्च्या गेल्या. कोणाला वरचा क्रमांक कधीपासून मिळायचा यावर पुढे कित्येक वर्षं लवादासमोर वाद चालले. आमच्या संघटनेतल्या एका वयस्क कॅप्टननं तो काळ बघितला होता. मी त्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "रागावण्याआधी करार छापून काढ. प्रत्येक शब्द वाच. कंपनीही त्यातलाच एखादा शब्द शोधत असणार."

मी छापला. बेचाळीस पानं, सात डॉलर. त्यात दोन परिच्छेद होते. पहिला आमच्याकडून वर गेलेल्यांसाठी: कपात झाली तर त्यांनी आपल्या जुन्या क्रमांकावर परत यावं. त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नव्हतं, त्यातल्या काहींनी मला शिकवलंय. दुसरा परिच्छेद मेनलाइनमध्ये बाहेरून थेट लागलेल्यांसाठी. त्यांना आमच्याकडच्या रिक्त जागा देऊ कराव्यात, असं लिहिलं होतं. हे एकतीस जण दुसऱ्या प्रकारातले होते. आधी कुठल्या ना कुठल्या रीजनलमध्ये आमचंच विमान उडवलेले, त्यामुळे त्या विमानाचं रेटिंग, म्हणजे ते उडवायचा खास परवाना, त्यांच्याकडे तयार, प्रशिक्षणाचा खर्च कमी.

म्हणजे सगळं एका शब्दावर आलं. ज्या दिवशी कंपनी पाचशे माणसं घरी पाठवते आहे, त्या दिवशी तिच्याकडे रिक्त जागा असते का?

रात्री अण्णांना फोन केला. मला वाटलं होतं ते धीर देतील. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हरकत नोंदवायची मुदत किती दिवसांची?" मी म्हटलं, "अण्णा, ते संघटना बघतेय." "संघटना तिचं बघेल. तुझ्या सहीचा कागद आत गेला पाहिजे पोरी. पोच घे." एसटीत तात्पुरती यादी लागली की हरकतींना मुदत असायची, आणि ती चुकवलेले लोक त्यांनी पाहिले होते. आमच्या करारात मुदत तीस दिवसांची निघाली. संघटनेनं ३० सप्टेंबरला सामूहिक तक्रार दाखल केली, मी त्याच दिवशी माझी स्वतंत्र तक्रार नोंदणीकृत टपालानं पाठवली. टपालाला सात डॉलरच्या आसपास लागले. वर्गातल्या चौघांनी, संघटनेनं केलीच आहे म्हणून, वेगळी केली नाही. याचा परिणाम पुढे येईल.

१ ऑक्टोबरला अमेरिकन आणि युनायटेड या दोनच कंपन्यांनी मिळून ३२,००० च्या वर लोक घरी पाठवले. त्या गर्दीत आमचे पाचशे कुठे दिसणार! ओळखपत्र आणि कंपनीचा टॅबलेट मी कुरियरनं परत पाठवला. मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. त्यानं विचारलं, "आता तू घरी जेवणार रोज?" मी हो म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

व्यवहाराच्या गोष्टी त्याच आठवड्यात कराव्या लागतात, मन तयार नसलं तरी. आरोग्यविमा आधी. कोब्रा कायद्याखाली जुना विमा अठरा महिने चालू ठेवता येतो, पण कंपनीचा वाटाही आपणच भरायचा आणि वर दोन टक्के. आमच्या तिघांचे महिन्याला १,६०० डॉलरच्या वर जात होते. नवऱ्याच्या नोकरीत महागडा पण त्याहून स्वस्त विमा होता. नोकरी गेल्यापासून तीस दिवसांत अर्ज केला तर वर्षाच्या मध्येही त्यात घेतात. तो मार्ग एकतिसाव्या दिवशी बंद. बेकारी भत्त्याचा अर्ज ऑनलाइन. पहिले पैसे यायला पाच आठवडे लागले, कारण माझा बेस कागदावर न्यूयॉर्क आणि घर इलिनॉयमध्ये. फोनवर तासन्‌तास वाट बघितली. वैद्यकीय प्रमाणपत्र मात्र संपू दिलं नाही, १६० डॉलर खिशातून भरून नूतनीकरण केलं. रिकॉल आला आणि प्रमाणपत्र नसेल तर रांगेतली जागा जाते.

ऑक्टोबरच्या मध्यापासून मी एका गोदामात रात्रपाळी धरली. खोके लावायचे, तासाला साडेपंधरा डॉलर. शनिवारी जुन्या शाळेत विद्यार्थ्यांना शिकवायचे. पगाराची प्रत्येक पावती मी एका फाइलमध्ये ठेवली. तेव्हा फक्त कराचा विचार होता.

३ नोव्हेंबरला तक्रारीची पहिली पायरी झाली. मुख्य वैमानिकाच्या कार्यालयासमोर व्हिडिओवर वीस मिनिटं. माझा प्रतिनिधी बोलला, मी दोन वाक्यं बोलले. २० नोव्हेंबरला नकार आला, सव्वा पानाचा. इथे खचू नका. पहिल्या पायरीवर नकारच येतो. पुढची पायरी सिस्टीम बोर्ड. रेल्वे कामगारांसाठी १९२६ मध्ये जो कायदा झाला, तो १९३६ मध्ये विमान कंपन्यांनाही लागू केला गेला. कराराचा अर्थ काय यावरचे वाद त्या कायद्यामुळे कोर्टात न जाता अशा बोर्डापुढे जातात. आमच्या बोर्डावर कंपनीचे दोन, संघटनेचे दोन आणि एक तटस्थ लवाद. चार जण दोन-दोन असे विभागले जातात, म्हणून खरा निकाल लवादाचाच. आणि चांगल्या लवादांच्या तारखा पुढच्या कित्येक महिन्यांच्या भरलेल्या असतात. आम्हाला एप्रिल मिळाला.

मधे २७ डिसेंबरला दुसरा कायदा झाला. कंपन्यांना पुन्हा पैसे, अट ही की ऑक्टोबरमध्ये घरी पाठवलेल्यांना परत बोलवा आणि १ डिसेंबरपासूनचा पगार द्या. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रिकॉलचं पत्र आलं. उत्तराला दहा दिवस. आमच्या वर्गातली एक मुलगी आईवडिलांकडे टेक्सासला गेली होती, पत्ता बदलल्याचं तिनं कळवलं नव्हतं, पत्र जुन्या घरी पडून राहिलं. संघटनेनं धावाधाव करून तिला वाचवलं. पत्ता बदला की त्याच दिवशी लेखी कळवा.

सिम्युलेटरची रांग लांब होती. नव्वद दिवसांत तीन उड्डाणं आणि तीन उतरणी झाली नसतील तर प्रवासी घेऊन जाता येत नाही, आणि आमच्यापैकी कोणाचीच झाली नव्हती. ९ मार्च २०२१ ला मी पुन्हा विमानात बसले, कॅप्टनच्या डाव्या नाही, सहवैमानिकाच्या उजव्या खुर्चीत. हात विसरले नव्हते. डोकं मात्र दोन सेकंद मागे चालत होतं. तीन-चार दिवसांनी ते जुळलं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवसांची फेरी मिळाली. कॅप्टनचं नाव वाचलं आणि थांबले. एकतिसांपैकी एक. मेनलाइननं त्यालाही परत बोलावलं होतं, पण तिथल्या प्रशिक्षणाची तारीख येईपर्यंत तो आमच्याकडेच होता. तीन आठवड्यांनी मी बोर्डापुढे साक्ष देणार होते. फेरी बदलून घ्यायचा विचार आला. नाही बदलली.

पहिले दोन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. तो चांगला वैमानिक होता. वाऱ्यात उतरवताना त्यानं मला दोन गोष्टी सांगितल्या, त्या अजून उपयोगी पडतात. तिसऱ्या संध्याकाळी आयोवातल्या एका हॉटेलसमोर गाडीची वाट बघत होतो तेव्हा तो स्वतःच म्हणाला, "मला माहीत आहे तू एप्रिलमध्ये कुठे असणार आहेस." मी काही बोलले नाही. तो म्हणाला, "मला फोन आला तेव्हा खाली किती लोक जाणार हे कोणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. घरात दोन मुलं होती." मग त्यानं सांगितलं की २००८ मध्ये, तेव्हाच्या कंपनीत, तो स्वतः अशाच रेषेच्या चार क्रमांक खाली होता. मी त्याला माझा क्रमांक सांगितला. तो बराच वेळ गप्प होता. "तू साक्ष नीट दे," एवढंच म्हणाला.

मी तोवर त्या एकतीस नावांचा मनातून राग केला होता. तो त्या फुटपाथवर कमी झाला, पण तक्रार एका शब्दानंही सौम्य झाली नाही. करार मोडला होता कंपनीनं, आणि ते लिहून मिळणं मला हवंच होतं.

१४ आणि १५ एप्रिलला सुनावणी झाली, तीही व्हिडिओवर. माझी साक्ष पस्तीस मिनिटांची. कंपनीच्या वकिलानं विचारलं की ऑगस्टमध्ये मी कॅप्टनपद गमावलं तेव्हा तक्रार का केली नाही. मी म्हटलं, "कारण ते यादीप्रमाणे झालं." माझ्या प्रतिनिधीनं नंतर सांगितलं की लवादानं तिथे काहीतरी लिहून घेतलं. मग दोन्ही बाजूंची लेखी म्हणणी, मग शांतता. मे गेला, जून गेला. उन्हाळ्यात प्रवासी इतके परतले की वैमानिक कमी पडायला लागले. ऑगस्टमध्ये मी पुन्हा कॅप्टन झाले, शिकागोलाच. ते एकतीस जण एकेक करून वर निघून गेले. निकाल मात्र आला नव्हता.

तो १९ नोव्हेंबर २०२१ ला आला. अठ्ठावीस पानं. आमच्याकडून वर गेलेल्यांचं परत येणं योग्य. बाहेरून लागलेल्या एकतीस जणांना जागा देणं करारबाह्य. ज्या जागेवरून माणूस घरी जातो आहे ती रिक्त नसते, असं लवादानं स्पष्ट लिहिलं. १,२७० ते १,३०० या सगळ्यांना ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचा पगार द्यावा, त्या काळात मिळालेलं इतर उत्पन्न वजा करून. पगारवाढीसाठी धरल्या जाणाऱ्या सेवेत ते दोन महिने जमा करावेत. त्या काळातल्या इतर नुकसानीची मागणी, म्हणजे माझ्या विम्यातला फरक किंवा क्रॅशपॅडचं भाडं, फक्त स्वतंत्र तक्रार केलेल्यांचीच विचारात घेतली गेली. आमच्या वर्गातल्या त्या चौघांना ते मिळालं नाही.

माझा हिशेब असा झाला: दोन महिन्यांचे ६,९०० डॉलर, त्यातून गोदामाचे आणि शिकवणीचे २,९६० वजा, राहिले ३,९४०. विम्यातला फरक मान्य झाला, भाडं नाही. गोदामाच्या पावत्या होत्या म्हणून आकड्यावर वाद झाला नाही. ज्यांच्याकडे नव्हत्या त्यांचा हिशेब दोन महिने रखडला. पैसे १७ डिसेंबरला जमा झाले. पाठोपाठ राज्याचं पत्र आलं. ज्या आठवड्यांचा पगार मागाहून मिळाला त्या आठवड्यांचा बेकारी भत्ता परत करायचा. मी आधीच बाजूला काढून ठेवला होता, कारण डिसेंबर २०२० च्या पगाराच्या वेळी हेच झालं होतं. हे पैसे आले की खर्च करू नका, सहा महिने तसेच ठेवा.

मग जानेवारी २०२२ ची यादी लागली. वरचे बरेच लोक मेनलाइनला गेल्यानं आम्ही सरकलो. माझा क्रमांक १,०४१ झाला. अण्णांना फोन करून सांगितला, त्यांनी वरचं नाव विचारलं, खालचं विचारलं. मी दोन्ही वाचून दाखवली आणि मग पुढे वाचत गेले. आमच्या वर्गाची बावीस नावं एकापाठोपाठ असायची. त्या यादीत सोळा होती. सहा जणांनी रिकॉलला नाही म्हटलं किंवा नंतर सोडलं. एक जण ओहायोत ट्रक चालवायला लागला, एकीनं नर्सिंगला प्रवेश घेतला. शेवटचा मुलगा, जो सप्टेंबरच्या त्या रात्री बरोब्बर रेषेवर होता, तो होता. त्याला मेसेज केला. तो विमानात होता, उत्तर रात्री आलं.